ओले मोजे

तिच्या उजव्या पायात चप्पल नाही, हे तिला हॉटेलच्या मागच्या फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं. "ताई, एक कुठे सोडून आलात?" असं तो हसत म्हणाला, तेव्हा तिने आधी खांद्यावरची पिशवी चाचपली, मग बगलेतली छत्री, आणि मग त्याच्या नजरेच्या मागोमाग खाली बघितलं. डावा पाय चपलेत होता. उजवा अनवाणी होता; धुळीने करडा झालेला, अंगठ्याच्या बाजूला खरचटलेला, आणि तरी फरशीवर अगदी निवांत टेकलेला. बसथांब्यापासून फाटकापर्यंत बारा मिनिटं चालावं लागे आणि त्यातला निम्मा रस्ता गेले दोन महिने खोदून ठेवलेला होता. म्हणजे ती खडीवरून चालत आली होती. खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरूनही आली असणार. तिला आठवत होतं ते एवढंच, की आज टॉवेलांची नवी खेप यायची आहे आणि ती उतरवून घ्यायला माणूस कमी आहे. "तुटली," ती रखवालदाराला म्हणाली, "टाकून दिली." "मग दुसरी कशाला जपून ठेवलीत?" तो म्हणाला, आणि दोघंही हसले. मग ती शोधायला मागे गेली. थांब्यापासून पन्नासेक पावलांवर, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर चप्पल पडलेली होती आणि तिच्यावरून गाड्या जात होत्या. सिग्नल लाल होईपर्यंत ती कडेला उभी राहून स्वतःच्या चपलेकडे बघत राहिली. त्या दिवशी ती सोळा मिनिटं उशिरा पोचली. वहीत कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी तिने 'बस' असं लिहिलं.

हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता आणि त्याला लागून लिनन रूम. चौदा मजल्यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, जेवणघरातले टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट, सगळं वरून एका रुंद पत्र्याच्या नळातून धपाधप खाली यायचं, धुतलं जायचं, वाफेच्या रोलरमधून सपाट होऊन निघायचं आणि तिच्या लांब टेबलावर येऊन पडायचं. एकोणीस वर्षं ती त्या टेबलापाशी उभी होती. प्रत्येक चादरीवरून ती एकदाच तळवा फिरवायची आणि चादर तीन ढिगांपैकी एकात जायची: चालू, रफू, बाद. डोळ्यांना अख्खी दिसणारी चादर ती कधी कधी बादमध्ये टाकायची, आणि कुणी हुज्जत घातली तर दोन्ही हातांनी जराशी ताणून दाखवायची. चादर मधोमध टरकायची. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर बसणारी रफूवाली म्हणायची, "हिच्या तळहाताला डोळे आहेत, बाई. हिच्याशी हात मिळवायचीसुद्धा भीती वाटते." त्यामुळे ती हातांना जपायची. थंडीत मलम लावायची, नखं वेळच्या वेळी कापायची. पायांचा विचार तिने कधी केला नव्हता. पाय उभे राहायला असतात, ते उभे होते.

चपलेनंतर मात्र तिने पायांवर पाळत ठेवली, आणि मग कितीतरी गोष्टी एकेक करून समोर यायला लागल्या. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवडा अडकतो तो गेल्या वर्षापासून. चालताना उजव्या पायाचा 'थप' असा आवाज येतो, विशेषतः संध्याकाळी, आणि तो आवाज ती चपलेचा समजत होती म्हणून तिने दोनदा चपला बदलल्या होत्या. पोटऱ्या इतक्या दमलेल्या असतात की बसमध्ये जागा मिळाली की रडू येईल असं वाटतं, आणि तिने त्याला वय म्हटलं होतं. कुलूप उघडताना हल्ली किल्ली हातातून दोनदा तरी पडते. एवढं सगळं अंगात चाललेलं होतं आणि ती आपली चादरींवरून हात फिरवत होती.

सुट्टी मंगळवारची. पहिल्या मंगळवारी ती घराजवळच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली, साखर आणि आणखी सहा तपासण्या लिहून दिल्या. दुसऱ्या मंगळवारी ते कागद बघून म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. अभिनंदन." जीवनसत्त्वाच्या लाल गोळ्या तीन महिने. गोळ्यांनी काही झालं नाही तेव्हा त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते फक्त संध्याकाळी पाच ते सात बसायचे, म्हणजे पाळी बदलून घ्यायला हवी, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या बाईला आपला एक रविवार द्यायला हवा. तो रविवार देऊन ती गेली. त्यांनी पाठीचा फोटो काढून तो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "या वयात मणका असाच असतो. उभ्याचं काम आहे ना? बसत जा अधूनमधून." तिने विचारलं, "कशावर?" त्यांना ते विनोदी वाटलं. कमरेचा पट्टा लिहून दिला. पट्ट्याने घाम यायचा आणि तळघरातल्या वाफेत अंगावर पुरळ उठलं, म्हणून तिने तो काढून कपाटात टाकला. तिसरे डॉक्टर मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते, वेळ घेऊन भेटायचे; त्यांनी पायांना हातही न लावता विचारलं, "झोप कशी लागते? घरी कोण कोण असतं?" ती म्हणाली, "एकटीच." त्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. एका शब्दात त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. ते फार प्रेमळपणे बोलले. मनावरचा ताण शरीरातून बाहेर पडतो म्हणाले, एखादा छंद लावून घ्या म्हणाले, आणि झोपेची गोळी लिहून दिली. झोपेची तिला कधीच तक्रार नव्हती. ती बसमध्ये उभ्याउभ्या झोपू शकायची.

अशात सात महिने गेले. आजारपणाच्या रजा संपल्या, मग हक्काच्या संपत आल्या. तिला वाटायला लागलं की आजारी पडणं ही आणखी एक पाळी आहे, आणि ती पहिली पाळी संपल्यावर करायची असते: रांगेत उभं राहायचं, नंबराचा चिटोरा मुठीत धरायचा, जुने कागद तारखेप्रमाणे लावायचे, नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि सांगताना त्याच्या भुवया कुठल्या वाक्याला वर जातात तिकडे लक्ष ठेवायचं. सांगून सांगून तिची हकिकत गुळगुळीत झाली होती. आपणच हे रचतोय की काय, असंही कधी मनात यायचं. मग घरी पलंगाच्या काठावर बसून ती साडीची पिन तळपायाला लावून बघायची. टोचलेलं कळायचं, पण मधे कुणीतरी जाड घोंगडं धरलंय तसं. ती पिन आणखी दाबायची. रक्ताचा थेंब यायचा आणि तो बघून तिला बरं वाटायचं, म्हणजे आपण खोटं बोलत नाही. आणि मग आपल्याला कशाचं बरं वाटतंय ते लक्षात येऊन ती पिन डबीत ठेवून द्यायची.

दुसरा धक्का बसला तो रोलरपाशी. रोलरच्या खालून वाफेचा जाड नळ जायचा, त्याच्यावरचं वेष्टण एके जागी फाटलं होतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. सगळे पाऊल अर्धी वीत मागे ठेवून उभे राहायचे. ती टेबलक्लॉथ ओढून घेत होती. तिच्या मनात कोण जाणे काय होतं, बहुधा काहीच नव्हतं, आणि एकाएकी रफूवाली मशीन सोडून ओरडली, "अगं, पाय! पाय काढ!" तिला वाटलं पायाखाली साप बिप आहे. तिने खाली बघितलं तर उजव्या पायाची बाहेरची कड नळाला टेकलेली होती आणि तिथली कातडी पांढरी पडून वर आली होती. तिने पाय काढला. रफूवालीने तिला ओढत मोरीतल्या नळाखाली नेलं, पाणी सोडलं, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "दुखत नाही? खरंच दुखत नाही?" ती नाही म्हणाली. रफूवालीच्या तोंडावर भीती होती. डॉक्टरांच्या तोंडावर तिने अशी भीती कधी बघितली नव्हती.

हाउसकीपिंगच्या मॅडमनी वर बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "हे बघा ताई," त्या म्हणाल्या, "उद्या काही झालं तर माझ्यावर येईल. तुम्ही डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, कामाला फिट आहात म्हणून. तोपर्यंत मशीनकडे जायचं नाही."

"आणि फिट नसेन तर?"

मॅडमनी टेबलावरचं पेन उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. "आणा तर आधी," त्या म्हणाल्या.

फिट असल्याचे कागद तिच्याकडे किलोभर होते. कुठल्याही डॉक्टरकडे गेली असती तर त्याने एका मिनिटात तसं लिहून दिलं असतं, रिपोर्ट नॉर्मलच होते. मॅडमना दाखवायचं की आपल्याला काही झालेलं नाही, डॉक्टरांना पटवायचं की काहीतरी झालंय. एकाच पिशवीत एकच फाइल. जिना उतरताना तिने कठडा धरला, आणि कुणी बघत नाही ना, हे बघून घेतलं.

सरकारी मोठ्या हॉस्पिटलात मज्जातंतूंची बाह्यरुग्ण तपासणी फक्त गुरुवारी असे, सकाळी आठ ते बारा. तिने उरलेल्या रजांपैकी एक टाकली आणि साडेसहालाच जाऊन रांगेत उभी राहिली. नंबर लागला पावणेबाराला. डॉक्टरबाई साठीच्या घरात असतील. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या प्रत्येक वाक्यानंतर नाक पुसत होत्या. त्यांनी फाइल उघडलीच नाही. "चपला काढा आणि त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा," म्हणाल्या. ती चालली. "आता टाचांवर." टाचांवर तिला चालताच आलं नाही, चवडे उचललेच जाईनात. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डॉक्टरबाई खुर्ची ओढून खाली तिच्या पायांपाशी बसल्या आणि त्यांनी पाय दोन्ही हातांत घेतला. ती चादर हातात घेते तसा. कमानीखाली बोट घालून बघितलं, वळलेली बोटं सरळ करून सोडून दिली, पोटरीवरून तळवा फिरवला. "नेमकं कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.

"ओले मोजे घातल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "कायमचे."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं. "घरात आणखी कुणाला असं? आई, वडील, भावंडं?"

"नाही," ती म्हणाली.

पुढच्या खोलीत एका मुलाने पायांना तारा चिकटवून विजेचे छोटे छोटे झटके दिले आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेघा बघून त्याने तारा काढून पुन्हा चिकटवल्या आणि तेच झटके पुन्हा दिले. दोन आठवड्यांनी गुरुवारी या, असं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली होती आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटले होते. झोपेच्या अलीकडे तिला आपलंच वाक्य ऐकू आलं, ओले मोजे, कायमचे, आणि ते तिच्या आवाजात नव्हतं. ती सरळ होऊन बसली. हे शब्द तिचे नव्हतेच. तिने आयुष्यात फारसे मोजे घातले नव्हते. आई म्हणायची, "पायात ओले मोजे आहेत गं कायमचे, काढताच येत नाहीत." वडील म्हणायचे, "मग वाळत घाल." सगळे हसायचे. आईही हसायची. वडील हयात होते तोवर घरात तो एक विनोदच होऊन गेला होता. आई चालताना कुठे अडखळली, हातातून भांडं सुटलं, की कुणीतरी मोज्यांचं नाव काढायचं. वडील गेले, दादाचं लग्न होऊन तो वेगळा राहायला लागला, आणि घरात आई आणि ती अशा दोघीच उरल्या. तेव्हा तीच आईला मंगळवार-मंगळवार डॉक्टरांकडे नेत असे. साखर नॉर्मल, मणका वयाप्रमाणे, ताण घेऊ नका. कागद तेच, फक्त वरचं नाव वेगळं. एका मंगळवारी तिची सुट्टी रद्द झाली होती, हॉटेलात कसलंसं मोठं संमेलन होतं, ती अकरा तास उभं राहून आली आणि आई म्हणाली, "आज न्हाणीघरात पडले गं." दारातच. तिने अजून पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. ती म्हणाली, "आई, तुला काहीही झालेलं नाहीये. तीन डॉक्टरांनी सांगितलंय. मला घरी बसवून ठेवायचं म्हणून हे सगळं चाललंय तुझं." आई म्हणाली, "बरं." आणि त्यानंतर सहा वर्षं, न्यूमोनियाने जाईपर्यंत, आईने पायांचं नाव काढलं नाही. ती भिंतीला हात लावून चालायची. स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटला होता. आई गेल्यावर तिने घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं होतं, इथे कपाट होतं का? ती हो म्हणाली होती.

तिचा थांबा मागे गेला. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट दिशेने चालत आली, थप, थप, आणि या वेळी तो आवाज कुणाचा आहे ते तिला ओळखू आलं. आई होती तोवर रोज घरात हाच आवाज असायचा. तो थांबला तेव्हा घर किती शांत झालं असं तिला वाटलं होतं, आणि ते बरं वाटलं होतं, हेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, चादरींच्या मांडण्यांच्या मधल्या बोळात उभं राहून तिने दादाला फोन लावला. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. अर्ध्या शहराला मी रस्त्यावर आणलंय, असं तो म्हणायचा.

"बोल, बाळी," तो म्हणाला. सत्तेचाळिसाव्या वर्षीही तो तिला बाळीच म्हणायचा.

"दादा, माझ्या पायांचं दाखवलं काल. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का."

"मग?"

"मी नाही म्हणाले."

"बरं केलंस."

"आईला होतं, दादा."

पलीकडून इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती. गाडी कडेला उभी असणार. "आईचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला, "आईला बारा महिने तेरा काळ काहीतरी..." आणि वाक्य त्याने सोडून दिलं. टिकटिक चालूच राहिली. मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "बाळी, ब्रेकवर पाय आहे की नाही ते मी हल्ली वाकून बघतो."

तिला आधी समजलंच नाही.

"शिकणारा चालवत असतो, माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो ना, तो. पाय ठेवलाय असं वाटतं आणि असतो बाजूलाच. दोन वर्षं झाली. एकदा एक बाई समोरून..." तो थांबला. "झालं काही नाही. पण झालं असतं."

"वहिनीला सांगितलंयस?"

"तिला गुडघा सांगितलाय."

"दादा, पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी ये. मी नंबर लावते दोघांचा."

"लायसन्स जाईल. कळतंय का तुला? मला दुसरं काय येतं?"

"आणि एखादी बाई खरंच समोर आली तर?"

"शिकणारा आला," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. ती तशीच उभी राहिली. हाताशी दुहेरी चादरींची चळत होती. तिने सवयीने वरच्या चादरीवरून तळवा फिरवला आणि चादर कशी आहे ते तिला सांगता येईना. विरलेली आहे की नाही ते बोटांना कळत नव्हतं, की फक्त आत्ता, या घटकेला कळत नव्हतं? तिने डोळे मिटून पुन्हा हात फिरवला, पुन्हा फिरवला. रफूवालीने हाक मारली, "जेवायचं नाही का?" तेव्हा ती "आले" म्हणाली, पण तिने चादर काढून ताणून बघितली. चादर टरकली नाही. तिला मात्र खात्री वाटली नाही.

मशीनकडे जायची मनाई होती, म्हणून ते दोन आठवडे तिने कपड्यांच्या मोजणीच्या वहीवर काढले. दादाने फोन उचलला नाही. तिने नंबर मात्र दोन लावले, त्याचा आणि आपला, पाठोपाठ. गुरुवारी ती बाकावर बसून फाटकाकडे बघत होती आणि नंबर पुकारले जात होते, आणि प्रत्येक पुकाऱ्याला तिला हायसंही वाटत होतं आणि धसकाही बसत होता. दादा आला तो अकरा वाजून गेल्यावर. लांबूनच तिला त्याची चाल दिसली. गुडघे जरा जास्तच उचलून, पाण्यातून चालल्यासारखी. दोन वर्षांत तिने त्याला दहा वेळा तरी बघितलं असेल आणि चालताना एकदाही बघितलं नव्हतं.

"गाडी कुठे लावलीस?" तिने विचारलं.

"बसने आलो," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

डॉक्टरबाईंची सर्दी बरी झाली होती. आत गेल्या गेल्या ती म्हणाली, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. माझ्या आईला होतं. आणि याला आहे." डॉक्टरबाईंनी दोघांना खाटेच्या कडेला शेजारी शेजारी बसवलं, बूट-चपला काढायला लावल्या. चार पाय एका ओळीत लोंबत होते. तशीच उंच कमान, तशीच वळलेली बोटं, तशाच वाळलेल्या पोटऱ्या. लहानपणी दोघं असेच खाटेवर बसून पाय हलवत असतील. तेव्हा कुणी पाय बघितले नसतील. शेजारच्या खोलीतले दोन शिकाऊ डॉक्टर बघायला आले आणि तिथेच उभे राहिले. मग डॉक्टरबाईंनी तिच्या आईबद्दल विचारायला सुरुवात केली: किती साली सुरू झालं, आधी कुठला पाय, हातांना काही होतं का. तिने जमेल तसं सांगितलं. "त्या स्वतः काय म्हणायच्या? त्यांच्या शब्दांत आठवतंय का काही?"

तिला फक्त ते 'बरं' ऐकू येत होतं. तेवढ्यात शेजारून आई बोलली. "अगं, जमीन आहे ते कळतं, पण किती लांब आहे ते नाही कळत." तिने दचकून मान वळवली. दादा समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होता, मान किंचित वाकडी करून, शेवटचा शब्द लांबवत, हुबेहूब. लग्नाकार्यात, वाढदिवसांना, चारचौघं जमले की दादाला आईची नक्कल करायला सांगायचे आणि तो करायचा. आईचा आवाज, आईचे हातवारे, आईची दुखणी. लोक पोट धरून हसायचे. आईसुद्धा पदर तोंडाला लावून. आता शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाच्या ओठांवर हसू आलं आणि डॉक्टरबाईंनी वर बघितल्याबरोबर गेलं. "बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या. दादा बोलत राहिला. "गार पाण्यात पाय घातला की गरम वाटतं." "चुंबळ ठेवल्यासारखा टाचेखाली गोळा येतो." "बटण दिसतं गं, पण बोटाला सापडत नाही." "जिना चढायला काही नाही, उतरायला भीती वाटते." कुठून कुठून येत होतं ते, तिने विसरलेलं, कधी न ऐकलेलं, आईने फक्त त्याला सांगितलेलं असेल तेही. त्याने इतकं नीट ऐकलं होतं, हसवायला लागतं तितकं नीट. डॉक्टरबाईंचं पेन चालत होतं. त्यांनी एक पान भरलं आणि दुसरं घेतलं. एका जागी दादाचा आवाज फाटला आणि तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, "बाकी आठवत नाही," आणि त्याने खिशातून रुमाल काढला.

आजाराला नाव होतं. तीन डॉक्टरांची नावं एकापुढे एक जोडलेलं, लांबलचक. रक्ताची एक तपासणी करून पक्कं करायचं, पण डॉक्टरबाईंना शंका नव्हती. घराण्यात चालत येतो, म्हणाल्या. याने माणूस जात नाही. औषध नाही. पायाला आधार देणारे पट्टे मिळतात, व्यायाम आहेत, पाय रोज डोळ्यांनी तपासायचे, गरम वस्तूंपासून लांब राहायचं. "आणि हात?" तिने विचारलं. डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याचा उंचवटा दाबून बघितला. "आज चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "पुढचं मी खोटं सांगणार नाही." मग त्यांनी दोन पत्रं लिहिली. दादाच्या पत्रात गाडी चालवू नये असं स्पष्ट लिहिलं होतं, वर्गात बसून शिकवण्यास हरकत नाही असंही. तिच्या पत्रात लिहिलं होतं की मशीनवर काम देऊ नये, बसून करायचं काम द्यावं, आणि हा आजार खरा आहे. हे शेवटचं असं पत्रात लिहितात का, तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी ते पत्र पुढच्या आठवड्यात दोनदा वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी, बरेच कागद वर-खाली गेल्यावर, रफूवालीच्या शेजारी एक उंच खुर्ची आली. पगार थोडा घटला. पण ते नंतरचं. त्या गुरुवारी ती आणि दादा बाहेर येऊन बाकावर बसले, आणि दादा बूट घालायला लागला. एक बूट घालून तो थांबला.

"परवा पोरगा जिन्यात अडखळला," तो म्हणाला. त्याचा मुलगा बावीस वर्षांचा होता, नुकताच नोकरीला लागला होता. "हातात ताट होतं, सगळं सांडलं. मी ओरडलो त्याच्यावर. डोळे फुटले का म्हणालो."

दुसरा बूट त्याच्या मांडीवर होता. तिने तो घेतला, खाली वाकून त्याच्या पायात घातला, टाच आत गेली की नाही ते बोट घालून बघितलं आणि पट्टी लावली. आपली पाठ दुखतेय, भूक लागलीय, घरी जाऊन पडावं, एवढंच तिला वाटत होतं.

"आत्ता घरी असेल तो?"

"असेल. आज त्याची दुपारची पाळी आहे. दीडला निघतो." मग तो म्हणाला, "कसं सांगायचं गं?"

"मी येते," ती म्हणाली. "मला आज पूर्ण दिवसाची रजा आहे."